पटू, स्वार की वाला?

(द्वितीय वर्ष, कला)

सायकलचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेने आपले नाव बदलावे काय, हा विषय आमच्या वाङ्मय मंडळाच्या चर्चेत निघाला तेव्हा निम्मी मंडळी हसली. रस्त्यांतले खड्डे बुजायचे राहिले आणि पाटीवरच्या अक्षरांची चिंता कशाला, असा त्यांचा सवाल. पण कोल्हापूरकरांनी तरी नावाच्या वादाला हसू नये. आपले शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या नावाचा विस्तार करावा, या मागणीसाठी २०२५ साली याच शहरात मोर्चा निघाला आणि आहे तेच सुटसुटीत नाव राहावे म्हणणारेही तितक्याच निष्ठेने उभे राहिले. दोन्ही बाजूंची माणसे महाराजांना मानणारीच होती!

सायकलवाल्यांच्या संस्थांनी आजवर नावे बदललेली आहेत. इंग्लंडात १८७८ साली हॅरोगेट येथे ‘बायसिकल टुरिंग क्लब’ निघाला. बायसिकल म्हणजे दोन चाकांची. परंतु त्या काळी तीन चाकांची सायकल चालविणारेही होते आणि त्यांत स्त्रिया होत्या. कारण त्या वेळच्या पुरुषभर उंच चाकावर लांब झगा सावरून बसणे कोणाला जमणार? या तीनचाकीवाल्यांना सभासद करून घ्यायचे तर नावातले ‘बाय’ आड येत होते. म्हणून १८८३ साली ‘सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब’ असे नाव झाले. पुढे २०१६ साली त्याच संस्थेने ‘सायकलिंग यूके’ हे नाव व्यवहारात आणले. सहलीला निघणाऱ्यांपुरतीच ही संस्था, असे कोणी समजू नये म्हणून ‘टुरिंग’ गेले.

अमेरिकेची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे १८८० साली ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ स्थापन झाली. चांगल्या रस्त्यांसाठी तिने मोठी चळवळ केली, हे तिचे श्रेय कोणी नाकारीत नाही. पण १८९४ साली याच संस्थेने, सभासद होण्याचा हक्क फक्त गोऱ्यांनाच, असा नियम केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९९ साली, मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू विजेता ठरला, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘व्हीलमेन’ या शब्दात पुरुषच दिसतात म्हणून १९९४ साली संस्थेचे नाव ‘लीग ऑफ अमेरिकन बायसिक्लिस्ट्स’ असे करण्यात आले. आणि तो गोऱ्यांचा नियम औपचारिकपणे धिक्कारायला १९९९ साल उजाडावे लागले. म्हणजे पाटी आधी पुसली आणि आतला डाग मागाहून!

नाव बदलण्याला विरोध करणाऱ्यांपाशी कोल्हापुरात एक बिनतोड पुरावा आहे, तो म्हणजे आपल्या तालमी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात ते फुटबॉल खेळायला. तालमीची लाल माती आणि फुटबॉल यांचा संबंध काय? तरी नाव बदला असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. मीही म्हणणार नाही. कारण ‘तालीम’ या शब्दाने पेठेतले कोणतेच पोर बाहेर राहत नाही. जो तो ती आपलीच समजतो. सायकलच्या संस्थांचे तसे आहे काय, एवढेच मला विचारायचे आहे.

मराठीत सायकल चालविणाराला शब्द तरी किती! ‘दुचाकी’ हा शब्द मुळात सायकलला शोभणारा. परंतु वर्तमानपत्रात ‘दुचाकीस्वार जखमी’ असे वाचले की आज आपल्या डोळ्यांपुढे मोटारसायकलच येते. पेट्रोलवाल्यांनी रस्ता घेतला तो घेतलाच, वर शब्दही नेला. ‘सायकलस्वार’ ऐटबाज आहे, पण त्यात घोडदळाचा थाट आहे. माझ्यासारख्या मुलीला कोणी स्वार म्हटलेले मी ऐकले नाही. ‘सायकलपटू’ म्हणजे खेळाडू. तो शर्यत जिंकतो, त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असते.

आणि राहिला ‘सायकलवाला’.

माझे आबा सायकलवाले. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दुधाची कॅन अडकवून ते रोज पहाटे नदी ओलांडून गंगावेशीपर्यंत येतात. बरोबरीचे सगळे मोटारसायकलवर गेले, आबा अजून सायकलवर आहेत; हौस म्हणून नव्हे. मी स्वतः घरापासून एस. टी.च्या थांब्यापर्यंत सायकलने येते, ती चहाच्या टपरीमागे साखळीने बांधते आणि मग बसने महाविद्यालयात. शिरोलीच्या कारखान्यांत पाळीला सायकलवर जाणारे कामगार अजून दिसतात. यांतला एकही जण ‘सायकलपटू’ नाही. ‘क्लब’ हा शब्द पाहून तर आबा त्या दारावरून तसेच पुढे जातील आणि दूध हवे असेल तर मागच्या दाराने विचारतील. मजा अशी की, सायकलने धूर होत नाही, इंधन वाचते, असे जे आपण भाषणातून सांगतो, ते सर्वांत जास्त करून दाखविणारी माणसे हीच.

एक सूचना अशीही आली की, नावातून सायकलच काढून टाकावी आणि ‘रस्ता’ घालावा, म्हणजे पायी चालणारेही येतील. अमेरिकेतील पोर्टलंड शहरातल्या ‘बायसिकल ट्रान्सपोर्टेशन अलायन्स’ने २०१६-१७ मध्ये असेच केले, ती ‘द स्ट्रीट ट्रस्ट’ झाली. तिथे ते योग्य असेल. आपल्याकडे मात्र सायकल हा शब्दच मुळी कमीपणाचा ठरू लागला आहे. नोकरी लागली की पहिली गोष्ट कोणती, तर सायकल विकायची. अशा वेळी सायकलच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच तो शब्द पाटीवरून उतरविला, तर तो वर चढवायचा कोणी?

म्हणून माझे मत असे की, ‘पटू’ आणि ‘क्लब’ गेले तर बिघडणार नाही. ‘सायकल’ राहिलीच पाहिजे आणि तिच्या मागे ‘वाले’ लावायला लाजू नये. ‘सायकलवाले’ म्हटले की त्यात बाया येतात, बाप्ये येतात, शर्यतवाले येतात आणि दूधवालेही. कानाला जरा रांगडे लागते खरे. कोल्हापूरला त्याचे काय वावडे?

परंतु नुसती पाटी रंगवून चालणार नाही. अशा संस्थांच्या फेऱ्या बहुधा रविवारी पहाटे निघतात. दूध घालायची वेळही तीच. फेरी दुपारी चारला काढता येईल काय, आणि वर्गणी किती असावी, हे दोन मुद्दे नावाच्या ठरावातच लिहून टाकावेत. आबांना मी विचारून पाहिले. त्यांनी नावाची चौकशी केलीच नाही. तिथे पंक्चर काढायची सोय असते काय, एवढेच विचारले.