वीज मुंबईला, पाणी इरईचं

मोबाइलवर आपण फोटो साठवतो, पैसे पाठवतो, हल्ली यंत्राला प्रश्नही विचारतो. हे सगळं ज्या यंत्रांवर चालतं त्यांची कोठारं, म्हणजे डेटा सेंटरं, नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात उभी आहेत. यंत्रं तापतात, ती थंड ठेवायला पाणी लागतं. काही कंपन्या सांगतात, आम्ही हवेवर भागवतो, पाणी वाचवतो. ठीक आहे. पण मग वीज जास्त लागते. ती कुठून येते?

चंद्रपूरहून थेट मुंबईजवळच्या पडघ्याला वीज नेणारी, सुमारे साडेसातशे किलोमीटरची वाहिनी १९९९ पासून आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र इरई धरणाचं पाणी घेतं आणि चंद्रपूर शहरही त्याच धरणाचं पाणी पितं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण इतकं आटलं की वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले.

थोडा हिशेब करू. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमाप्रमाणे जुन्या कोळसा-केंद्राने एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. सतत एक मेगावॅट ओढणारं डेटा सेंटर दिवसाला २४,००० युनिट खातं. सगळी वीज कोळशाची धरली तर पाणी ८४,००० लिटरपर्यंत जातं. सगळी कोळशाची नसते, मान्य. आकडा निम्मा करा. तरी जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने ते साडेसातशे माणसांचं पाणी झालं. आणि मोठी डेटा सेंटरं एका मेगावॅटची नसतात, दहापट-वीसपट मोठी असतात.

साडेसातशे माणसांचं पाणी घरात कोण भरतं, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने लढून २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथला बांबू आता ग्रामसभेला विचारल्यावाचून हलत नाही. इरईचं पाणी मात्र विजेच्या रूपाने तारेवरून निघून जातं आणि कुठल्याच सभेपुढे तो विषय येत नाही. उलट २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात राज्याने डेटा सेंटरांना सवलतीच देऊ केल्या.

आपल्या संघटनांनी एवढं तरी मागावं: सवलत घेणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरने आपल्या विजेमागे कुठल्या नदीचं किती पाणी गेलं ते लिहून द्यावं. तो कागद चंद्रपूरच्या वस्त्यांमध्ये मराठीतून वाचला जावा, बायकांना येता येईल अशा वेळी. म्हणजे नळाची वेळ सोडून.