परदेशची नोकरी आणि कर्जाचा कागद



पुणे-सोलापूर रस्त्यावर कासुर्डी, यवत, केडगाव या पट्ट्यात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत आणि नर्सिंग शिकून पुण्याच्या रुग्णालयांत नोकरीला लागणाऱ्या मुलीही आहेत. नोकरीत दोन-चार वर्षे गेली की त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. बाहेर जायचे का? सौदी, दुबई, इंग्लंड, जर्मनी. आणि त्यापाठोपाठ एक प्रश्न आपल्या बचतगटांच्या बैठकीत येतो. एजंटाला पैसे भरायचे आहेत, गटातून कर्ज मिळेल का?

पहिल्या प्रश्नावर गावात सगळेच बोलतात. दुसऱ्यावर कोणी बोलत नाही. म्हणून या अंकात त्याविषयी बोलायचे ठरवले आहे.

मुलीने जावे की जाऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, ही आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे. "बाईच्या जातीने एकटीने सातासमुद्रापार कशाला जायचे?" असे विचारणाऱ्यांना केडगाव दाखवावे. जिथे पुढे मुक्ती मिशन उभे राहिले, ते हेच केडगाव. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने. त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासाचे पैसे उभे केले. कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांना डॉक्टर होता आले नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्या गेल्या स्वतःच्या कमाईवर, कोणाच्या कर्जाने बांधल्या न जाता. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परदेशात बाई सुरक्षित नसते, असेही सांगितले जाते. धोके खरेच आहेत. इराकमधल्या तिक्रीत शहरात युद्धात अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका जुलै २०१४ मध्ये परत आल्या, ते आपल्याला आठवत असेल. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली अरुणा शानबाग या परिचारिकेवर कामाच्या जागीच हल्ला झाला, आणि २०१५ साली मृत्यू येईपर्यंत ती त्याच रुग्णालयात पडून होती. तेव्हा इथे सुरक्षित आणि तिथे असुरक्षित, इतका सोपा हिशेब नाही.

मुली बाहेर का जातात, याचे उत्तर त्यांच्या पगाराच्या पाकिटात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की, ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात तो सरकारी परिचारिकेइतका असावा. केरळमध्ये परिचारिकांनी संघटित लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या सरकारला किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. आपल्या ओळखीच्या मुलींना त्यांचा पगार विचारा आणि या आकड्यांशी ताडून पाहा. जो समाज परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतो आणि रात्रपाळीचे पैसे द्यायला कां-कूं करतो, त्याने तिच्या जाण्याबद्दल गळा काढू नये.

आता कर्जाकडे वळू. आपल्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या जोडप्यांची उचल आपण पाहिली आहे. मुकादम आधी पैसे देतो आणि हंगामभर माणसे बांधून घेतो. परदेशच्या नोकरीत हीच उचल उलटी झालेली असते. इथे बांधले जाण्यासाठी मुलगीच आधी पैसे भरते. वडील जमिनीवर कर्ज काढतात, आई दागिने मोडते, उरलेले गटातून येतात. तिथे पोचल्यावर काम कबूल केल्याप्रमाणे नसले, पगार कमी असला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तरी ती परत येऊ शकत नाही. तिला घरच्या कर्जाने अडवलेले असते. त्रास सोसायला लावणारी खरी बेडी ही आहे.

इंग्लंडचे उदाहरण ताजे आहे. वृद्ध आणि आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या कामगारांसाठी तिथल्या सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हिसा खुला केला. जगभरातून बायका गेल्या. मार्च २०२४ पासून त्यांना मुले व नवरा सोबत नेण्यास बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये या कामासाठी बाहेरून नवी भरती बंदच झाली. हा व्हिसा एका मालकाशी जोडलेला असतो. मालकाचा परवाना गेला, तर कामगाराला साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, नाही तर देश सोडावा लागतो. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारने या क्षेत्रातले ४७० हून अधिक परवाने रद्द केले. त्या मालकांशी ३९,००० हून अधिक कामगार जोडलेले होते. चूक मालकांची, पण रस्त्यावर आल्या कामगार बायका.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचे नोंदणीपत्र असावे लागते. त्याखालच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर घेता येतो, तोही पावती देऊन. प्रत्यक्षात काय होते? केरळमधल्या एका प्रकरणात, १९,५०० रुपये घेण्याची परवानगी असताना प्रत्येक परिचारिकेकडून १९ लाख ५० हजार रुपये घेतल्याचा आरोप झाला आणि २०१५ साली सीबीआयने गुन्हा नोंदवला. त्याच वर्षी केंद्र सरकारने ठरवले की, आखातासह १८ देशांत परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. केरळकडे त्यासाठी 'नोर्का रूट्स' आणि 'ओडेपेक' या संस्था होत्या. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. करार चांगलाच आहे. पण कासुर्डीच्या मुलीला जर्मन भाषा कुठे, किती महिने आणि कोणाच्या खर्चाने शिकायला मिळेल, हे तिच्या ग्रामपंचायतीत कळत नसेल, तर तिच्यापर्यंत आधी एजंटच पोचणार.

म्हणून गटांना आमची सूचना अशी आहे. परदेशच्या नोकरीसाठी कर्जाचा अर्ज आला, तर लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. मुलीला बैठकीत बोलवा आणि तिच्यासोबत बसून चार गोष्टी पाहा. एक, एजंटाचा नोंदणी क्रमांक केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर आहे का? दोन, मागितलेली रक्कम कशाची आहे, आणि प्रत्येक रकमेची पावती मिळणार का? तीन, करारपत्र तिला समजेल अशा भाषेत तिने वाचले आहे का? त्यात पगार, कामाचे तास, सुट्टी, राहण्याची सोय आणि परतीचा खर्च लिहिला आहे का? चार, काम परिचारिकेचे आहे की देखभाल करणाऱ्या बाईचे? सहा महिन्यांचा 'नर्सिंग कोर्स' करून कोणी परिचारिका होत नाही. बहुतेक देश परिचारिका म्हणून नोंदणीसाठी जीएनएम किंवा बीएस्सी आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागतात. परीक्षा, भाषा आणि कागदपत्रांच्या तपासणीसाठी लागणारे पैसे गटाने जरूर द्यावेत, ते तिच्याच नावावर राहतात. बिनपावतीच्या रकमेसाठी मात्र एक रुपयाही देऊ नये.

पाचवी गोष्ट घरातली आहे आणि ती सगळ्यात अवघड आहे. तिचा पगार कोणाच्या खात्यात येणार? पैसे नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात येतात, त्यातून घर बांधले जाते, आणि सातबाऱ्यावर तिचे नावही नसते. इकडे तिची मुले सांभाळायला सासू किंवा धाकटी बहीण थांबते आणि तिचे शिक्षण सुटते. एका बाईने परदेशात दुसऱ्यांचे म्हातारपण सांभाळायचे आणि तिच्या घरातली दुसरी बाई बिनपगारी राबायची, या साखळीत पुरुष कुठेच नसतो. हे बैठकीत मोठ्याने बोलले पाहिजे. खाते तिच्या एकटीच्या नावाचे हवे आणि मुलांची जबाबदारी बापाने घ्यायला हवी.

सरकारकडे आपली मागणीही स्पष्ट हवी. परिचारिकांकडून पैसे न घेता भरती करणारी सरकारी यंत्रणा, तिची माहिती तालुक्याच्या जागी, आणि इथल्या रुग्णालयांत जगण्याइतका पगार. इथे पोटापुरते मिळत असताना जी जाईल, ती स्वतःच्या मर्जीने जाईल.

आपल्या गावातून कोणी बाहेर गेली असेल, जायच्या तयारीत असेल किंवा फसून परत आली असेल, तर तिचा अनुभव आम्हांला लिहून पाठवा. नाव छापले जाणार नाही. मात्र किती पैसे भरले, पावती मिळाली का आणि कर्ज कोणाच्या नावावर आहे, हे तीन आकडे-तपशील नक्की लिहा. पुढच्या अंकात त्यांवर चर्चा करू.

— संपादक मंडळासाठी