हरवलं कोण?

दारूबंदीच्या बैठकीहून परतताना एस.टी.त कुणाची तरी रविवारची पुरवणी हाती लागली. तीत स्कॉटलंडमधल्या 'हरवलेल्या' व्हिस्की-भट्टीची हळवी कहाणी होती. ब्रोरा गावची ही भट्टी १९८३ साली बंद पडली. रसिक हळहळले, उरलेल्या बाटल्या लाखो रुपयांना गेल्या आणि २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. दारूने बरबाद झालेल्या घरांवर इतकं गहिवरून कुणी लिहीत नाही, पण ते असो. मला राग आला तो त्या लेखात जे नव्हतं त्याचा.

ही भट्टी १८१९ साली काढली मार्क्वेस ऑफ स्टॅफर्डने. जमीन मात्र त्याच्या बायकोची, एलिझाबेथची. वडील वारले तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. मुलगी असूनही सदरलंडची सगळी इस्टेट आणि काउंटेस हा किताब तिला स्वतःच्या हक्काने मिळाला. मुलींच्या वारसाहक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्याला हे ऐकून बरं वाटावं, नाही का?

या बाईने आणि तिच्या कारभाऱ्यांनी मेंढ्यांसाठी खोरीच्या खोरी रिकामी केली. मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये आकडे दिले आहेत: १८१४ ते १८२० मध्ये सुमारे ३,००० कुटुंबं, १५,००० माणसं हाकलली गेली आणि १८२५ पर्यंत त्यांच्या जागी १,३१,००० मेंढ्या आल्या. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात घरं पेटवली. मार्गारेट मॅके ही जवळजवळ शंभरीची, अंथरुणाला खिळलेली म्हातारी. तिला जळत्या घरातून बाहेर काढावं लागलं, काही दिवसांत ती वारली. कारभारी पॅट्रिक सेलरवर १८१६ मध्ये खटला झाला. तो निर्दोष सुटला! (आपल्याकडच्या निकालांची आठवण झाली तर दोष माझा नाही.)

हाकललेल्यांना समुद्रकाठी जमिनीचे तुकडे दिले. पूर्वी घरोघरी, बायकांच्या हातांनीही, बार्लीची दारू गाळली जाई आणि त्यातून खंड भरला जाई. आता ती गुन्हा. लोकांनी धान्य चोरट्या भट्ट्यांना न देता इस्टेटीच्या भट्टीला द्यावं म्हणून ती काढली, असं इस्टेटीचा व्यवस्थापक जेम्स लॉक यानेच लिहून ठेवलंय. म्हणजे धान्य भट्टीला आणि त्याचा पैसा खंडापोटी पुन्हा इस्टेटीला. हातभट्टी त्यांची ती बेकायदा, मालकाची ती वारसा!

गोष्ट इथे थांबत नाही. एलिझाबेथची सून हॅरिएट हिच्या वाड्यात १८५२ साली इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित बायका जमल्या. अमेरिकेतल्या भगिनींनी गुलामगिरीविरुद्ध उभं राहावं, असं आवाहन त्यांनी काढलं. पाच लाखांहून अधिक बायकांनी सह्या केल्या. मागणी शंभर टक्के योग्य होती, मीही सही केली असती. पण वाडा कुणाच्या खंडावर उभा होता, हे मार्क्सने १८५३ मध्ये विचारलं. सह्या करणाऱ्या बायकांपैकी किती जणींनी विचारलं?

'बाईने बाईवर टीका करू नये', असं आपल्या शिबिरांत अजूनही कुणीतरी म्हणतंच. मग मार्गारेट मॅके कोण होती?

पुरवणीच्या संपादकांना पत्र धाडलंय. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. आलं तर पुढच्या अंकात छापू.