खाडीच्या रंगाची रुजुवात

२६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ कक्षेत गेला आणि समुद्राचा रंग मोजण्याचे साधन आपल्या देशाच्या मालकीचे झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात ओशनसॅट-३ सोडला गेला, तेव्हा आधीच्या आठ वर्णपट्ट्यांच्या जागी तेरा आल्या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था या सामग्रीवरून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना मच्छीमारांना देते, आणि शैवालाच्या उद्रेकाची वर्दीही देते. परंतु त्या वर्दीचा भर उत्तरपूर्व अरबी समुद्र, केरळचा किनारा, मन्नारचे आखात व गोपाळपूर यांवर आहे. पेण आणि रोहे तालुक्यांतील खाड्यांवर काम करणाऱ्यांनी तीच पद्धत येथे जशीच्या तशी लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खोल समुद्रात पाण्याचा रंग मुख्यतः वनस्पतिप्लवकांमुळे बदलतो. त्यांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, हिरवा तितकासा शोषत नाही, आणि या दोहोंच्या गुणोत्तरावरून त्याचे प्रमाण काढता येते. धरमतरच्या खाडीत मात्र अंबा नदीचे पाणी व भरतीचा जोर मिळून गाळ ढवळत राहतात, आणि खारफुटीतून उतरणारी कुजकी सेंद्रिय द्रव्येही निळाच प्रकाश गिळतात. सबब निव्वळ गढूळ पाण्यालाही हे गुणोत्तर शैवालाचा दाखला देऊन मोकळे होते. त्यातून ओशनसॅट मालिकेचा एक चित्रकण सुमारे ३६० मीटरांचा, ज्यात रोह्याजवळची कुंडलिका नदी दोन्ही काठांसकट मावते. सेंटिनेल-२ या उपग्रहाची सूक्ष्म चित्रे आणि ७०५ नॅनोमीटरची पट्टी येथे अधिक विश्वासार्ह ठरतात खरी, पण आषाढातील ढगांपुढे दोन्ही उपग्रह सारखेच हतबल.

याहून महत्त्वाची, आणि आमच्या व्यवसायात बहुधा दुर्लक्षित राहिलेली, बाब भरतीची आहे. ओशनसॅट मालिकेतील उपग्रह दुपारी बाराच्या सुमारास माथ्यावरून जातात; आणि तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणाऱ्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला ठाऊक आहे की अमावास्या-पौर्णिमेस भरती बाराच्या सुमारास येते, अष्टमीस सहाच्या. म्हणजे उधाणाच्या दिवशीचे चित्र नेहमीच भरलेल्या खाडीचे, आणि भांगाच्या दिवशीचे ओसरलेल्या खाडीचे. अशा विजातीय चित्रांची मासिक सरासरी काढून तिला कल म्हणणारे अहवाल आम्ही पाहिले आहेत. त्यांत शैवालाची वाढ किती व चंद्राचा फेर किती, हे वेगळे करणे लेखकांनाही जमलेले नसते. तुलना करावी ती एकाच तिथीच्या चित्रांची.

पेणच्या खारबांधांआड जिताडा पाळणाऱ्यांची अडचण आणखी निराळी आहे. दाट शैवाल रात्रभर प्राणवायू खात राहते, मासळी पहाटे गुदमरते, आणि दुपारच्या चित्रात तळे नुसते समृद्ध हिरवे दिसते. तेथे पहाटेच्या प्राणवायुमापनाखेरीज इलाज नाही.

तेव्हा उपग्रहाने संशय दर्शविला, की बाटली घेऊन निघावे. नोंदवहीत ठिकाण, वेळ व क्षारतेबरोबर तिथी आणि भरतीची अवस्था लिहावी. आणि नमुना लुगॉलच्या आयोडीनात राखून सूक्ष्मदर्शकाखाली जाती ओळखून घ्याव्यात, कारण या चित्रांतून हरितद्रव्याचा अंदाज मिळतो, त्यातली विषारी जात कोणती ते समजत नाही.