वय कुणी कुणाला विचारायचे?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाथरी, सोनपेठ, मानवत भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतील. टोळ्या निघण्याआधी दर वर्षी आम्ही वस्तीवर एक बैठक घेतो. मुलींना शाळेसाठी मागे ठेवता येईल का, ठेवायचे तर कुणाच्या भरवशावर, असे विषय असतात. यंदाही बैठक झाली. बोलणे चांगले रंगलेले असताना कडेला बसलेल्या एका आजीने नातीला हाक मारली, "जा गं माय, दुकानातून पुडी आण. अन् चुना माग त्याला." मुलगी आठ-नऊ वर्षांची. उठली, गेली आणि पाच मिनिटांत तंबाखूची पुडी घेऊन परत आली. आम्ही मुलींच्या शिक्षणावर बोलत होतो, आणि डोळ्यांसमोर काय घडले ते आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. परत येताना सोबतची कार्यकर्ती म्हणाली, "ताई, त्या दुकानदारानं पोरीला वय विचारलं असेल का?" आम्ही दोघी हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून या वेळचे संपादकीय त्यावरच लिहीत आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तर कुणालाच विकता येत नाही. दुकानात तशी पाटी लावणे बंधनकारक आहे. गिऱ्हाईक अज्ञान नाही याची खात्री करण्याची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. शंका आली तर त्याने वयाचा पुरावा मागावा, अशी तरतूद आहे. या कायद्याखाली दंड मात्र जास्तीत जास्त २०० रुपये. पुढे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने कलम ७७ आणले. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. एकाच कृत्याला एका कायद्यात दोनशे रुपये आणि दुसऱ्यात सात वर्षे! व्यवहारात या दोन्हींच्या मध्ये काहीच घडत नाही. गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे तो कोणत्याच वयाला विकता येत नाही. तो कुठे मिळतो हे गावातले शेंबडे पोरही सांगेल.

दारूचेही तेच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. बीअरसारख्या सौम्य मद्याला २१ वर्षे आणि कडक दारूला, मग ती देशी असो की विदेशी, २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. देशात फार थोड्या ठिकाणी इतकी वरची मर्यादा आहे. पण पाथरीत काय किंवा परभणीत काय, मिसरूड न फुटलेल्या पोराला काउंटरवर कुणी परवाना किंवा जन्मतारीख विचारली असे मी तरी पाहिलेले नाही. मुळात पुष्कळदा बाटली आणायला बापच पोराला पाठवतो. बाप बाजेवर, पोरगा दुकानात आणि पैसे आईच्या कनवटीचे.

आता दुसरी हकिगत ऐका. त्याच आठवड्यात एक बाई आमच्याकडे आली. वय चोवीस, पदरात दोन लेकरे. नवऱ्याने रात्री तिचे ऐकले नव्हते. सकाळी ती औषधाच्या दुकानात गेली आणि ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मागितली. दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर विचारले, "लग्न झालंय का? वय काय? आधार कार्ड आणलंय?" आणि वर, "नवऱ्याला पाठव." ती तशीच परत फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी, कामाचा खाडा करून ती आमच्याकडे पोहोचली. आम्ही सोबत गेलो, दुसऱ्या दुकानातून गोळी घेतली. तास मोजून पाहिले तेव्हा वेळ उरली होती. पण ही गोळी जितकी लवकर घ्यावी तितका उपयोग जास्त, आणि तिचा दीड दिवस त्या तीन प्रश्नांनी खाल्ला होता.

ही गोळी २००५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. तिच्या विक्रीला कायद्याने वयाची अट घातलेली नाही, लग्नाची तर नाहीच. निरोधालाही नाही. गर्भपाताच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात आणि दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर ते बरोबरच आहे. हा फरक आपल्या गटांतल्या बायकांनाही नीट सांगायला हवा, कारण दोन्ही गोळ्या एकच समजून पुष्कळ घोळ होतात.

म्हणजे पाहा. जिथे वय विचारायचे असे कायदा सांगतो, तिथे कुणी विचारत नाही. जिथे विचारण्याचा कुणाला काही अधिकार नाही, तिथे बाईला ओळखपत्र मागितले जाते. दुकानदार अडाणी आहे म्हणून असे होत नाही. तंबाखू विकताना त्याला फायदा दिसतो आणि पोरगी निरोप्या आहे, घरच्या मोठ्यांचे काम करते, एवढेच तो पाहतो. गोळी विकताना मात्र तो एकाएकी गावाच्या अब्रूचा राखणदार होतो. दोन्ही वेळा त्याच्या लेखी बाई ही स्वतंत्र गिऱ्हाईक नसते. एकदा ती घरच्यांचा हात असते, एकदा घरच्यांची मालमत्ता.

आपल्या जिल्ह्यात वय विचारण्याची खरी जागा कोणती, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचे वय विचारले, तेव्हा परभणी जिल्ह्यात ४८ टक्के जणींचे लग्न १८ च्या आत झालेले निघाले. राज्याचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आहे. २००६ च्या कायद्याने मुलीला १८ आणि मुलाला २१ ही वये ठरवली, गावात ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केले. तरी मंडपवाला वय विचारत नाही, आचारी विचारत नाही, पत्रिका छापणारा विचारत नाही, लग्न लावणारे भटजी, काझी, भंते विचारत नाहीत. मुकादम तर नाहीच नाही. त्याला कोयता हवा असतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी असली की उचल मिळते. शाळा सुटलेल्या पोरीला एकटी मागे ठेवायची भीती आणि उचलीची गरज या दोन्हींतून टोळी निघायच्या तोंडावर लग्ने उरकली जातात.

आणि कुणी विचारलेच तर आधार कार्ड पुढे केले जाते. ते कार्ड ओळखीसाठी आहे. जन्मतारखेचा तो भक्कम पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात म्हटले आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम स्पष्ट आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. तेव्हा लग्न थांबवायला जाल तेव्हा आधी शाळेत जा, मग मंडपात. १०९८ वर फोन करतानाही मुलीच्या शाळेचे नाव हाताशी असले की काम लवकर होते.

ओळखपत्राची आणखी एक जागा आहे आणि ती सर्वांत चीड आणणारी आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातले किंवा वॉर्डातले परवाना असलेले दारूचे दुकान मतदानाने बंद करता येते. आपण त्याला 'आडवी बाटली' म्हणतो. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबागुंट्याच्या बायकांनी साक्षरता वर्गातून उठून अराकची दुकाने बंद पाडली. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली. चंद्रपूरच्या बायका डिसेंबर २०१० मध्ये नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या, तिथे २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. यातल्या आधीच्या लढ्यांच्या रेट्यातून बायकांच्या मताला किंमत देणारी अशी तरतूद होऊ शकली. तिचे मोल आहेच.

पण प्रक्रिया कशी आहे पाहा. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचे निवेदन. मग त्या सह्यांची पडताळणी. म्हणजे सही किंवा अंगठा देणाऱ्या बाईने ओळखपत्र घेऊन अधिकाऱ्यापुढे उभे राहून 'ही सही माझीच' असे सांगायचे, आणि ते पाहायला दुकानदाराची माणसे चावडीवर बसलेली. कुणाचे कार्ड माहेरच्या नावाचे, यादी सासरच्या नावाची. कुणाचे कार्ड नवऱ्याच्या पेटीत आणि किल्ली त्याच्या करदोट्याला. त्यातून निभावले की गुप्त मतदान. तिथे झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आपल्या भागातला हिशेब मांडू. समजा गावात ४०० महिला मतदार आहेत. मग २०१ मते हवीत. त्यातल्या १२० जणी ऊसतोडीला गेल्या असतील तर गावात उरल्या २८०, आणि त्यातल्या २०१ जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. साखर कारखान्याच्या फडात उभी असलेली प्रत्येक बाई अशा रीतीने दारू दुकानाची मतदार ठरते. तिला कुणी विचारलेलेही नसते.

बाटली विकत घेणाऱ्याला वय विचारायला यंत्रणेकडे माणूस नाही. बाटली बंद करू पाहणाऱ्या बाईची ओळख तपासायला मात्र माणूस, टेबल आणि तारीख सगळे असते.

मग उपाय काय? दुकानादुकानांत सक्तीने कार्ड तपासा, असे म्हणायचे का? आमच्या गटात यावर बराच वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, तपासणी कडक झाली तर आधी पकडली जाईल ती पुडी आणायला गेलेली पोरगी आणि ओरडा खाईल तिची आई. दुसरीने विचारले, कार्ड मागायची सवय लागली की ते कुणाला आधी मागितले जाईल? पाथरीसारख्या गावात बुरख्यातल्या बाईला, पालावरच्या पारधी बाईला. या बायकांना 'कागद दाखवा' या दोन शब्दांची धास्ती आधीच पुरेशी आहे. दोघींचे म्हणणे मला पटते. पण कार्ड नको म्हणून विचारणेच नको, हेही पटत नाही. आठ वर्षांच्या मुलीचे वय ओळखायला कार्ड लागत नाही. तिथे दुकानदाराला 'नाही' म्हणता यायला हवे, आणि तो म्हणत नसेल तर कायद्याने त्यालाच धरायला हवे. मुलीला नाही, आईलाही नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. शाळेजवळची तंबाखूविक्री आणि मुलांना होणारी विक्री यांत कारवाई विक्रेत्यावरच व्हावी. औषध दुकानांत कायद्याने न सांगितलेले वय आणि लग्नाचे प्रश्न बंद व्हावेत. अन्न व औषध प्रशासनाने तशी लेखी सूचना काढावी. आडव्या बाटलीचे मतदान ऊसतोडीच्या हंगामात ठेवू नये, आणि बहुमत झालेल्या मतदानाचे धरावे, यादीचे नव्हे. सह्यांची पडताळणी महिला कर्मचाऱ्याने वस्तीवर येऊन करावी.

आणि एक मागणी स्वतःकडे. आपल्या बैठकांत, आपल्या घरांत पोरांना पुडी आणायला पाठवणे आजपासून बंद. मिशरी आणि तंबाखू हा बायकांचाही प्रश्न आहे. उपाशी पोटी फडात राबताना भूक मारायला, दात दुखू नयेत म्हणून बायकांनी ती धरली. त्यांना नावे ठेवून काही होणार नाही. पण लेकीच्या हातून ती मागवायची नाही, एवढे आपण ठरवू शकतो. त्या आजीशी मी नंतर बोलले. ती थोडी रागावली, मग म्हणाली, "माय, मला बी माझी आजी अशीच धाडायची. मला कुणी सांगितलंच न्हाई." तिचे म्हणणे खरे आहे. ते सांगायला आम्हीही इतकी वर्षे चुकलो.

पुढच्या अंकासाठी तुमच्या गावचे अनुभव लिहून पाठवा. शाळेपासून टपरी किती पावलांवर आहे, औषध दुकानात काय विचारले गेले, सह्यांच्या पडताळणीत काय झाले. बाईचे नाव लिहू नका, तारीख मात्र जरूर लिहा. परभणीला निवेदन घेऊन जाताना हे अनुभव आपल्याला कामी येतील.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने