वजन तेच, चरबी दुप्पट

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघंही दिसायला सडपातळ. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. मग डेक्सा मशीनवर अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे, हे एक कारण. दुसरं कारण याज्ञिकांच्या जन्माइतकं जुनं असू शकतं; त्यांचं जन्मवजन कमी होतं, हेही त्या लेखात नोंदवलं आहे. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या कोड्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ असं नाव पडलं.

मला हा फोटो प्रत्येक मराठी घरात दाखवावासा वाटतो. कारण ‘मला कुठे वजन कमी करायचंय, मी तर बारीकच आहे’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं, आणि नेमक्या त्याच घरात चाळिशीच्या आत कुणाला तरी मधुमेह निघतो.

याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं अंगाने सगळीकडेच लहान, दंड बारीक, पोट लहान. पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी चिमट्यात धरून मोजली तेव्हा ती इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत फारशी कमी नव्हती. म्हणजे कमी पडलं ते मांस, चरबी बरीचशी राखली गेली. पिढ्यान् पिढ्या पोटभर न मिळालेल्या आयांची ही लेकरं. याच शरीराला पुढे शहरात बैठं काम आणि मुबलक तेल-साखर मिळते. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयचा धोक्याचा आकडा २५ नाही, २३ धरतात.

आता एवढं कळल्यावर माणूस पहिलं काय करतो? खाणं तोडतो. दोन पोळ्यांची एक होते, भात बंद होतो, रात्री ताक आणि मुरमुरे. महिन्याभरात काटा खाली येतो आणि घरात कौतुक होतं. गेलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायूच, आणि उपासमारीत तेच झिजतात. आधीच कमी स्नायू घेऊन जन्मलेल्या माणसाने ते आणखी घालवायचे, यासारखं नुकसान नाही.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला अमेरिकेतला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे तरुण युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले आणि स्वेच्छेने आलेले. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं अन्न, दिवसाला साधारण १६०० कॅलरी, आणि चालणं भरपूर. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटलं. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची, कशात मन लागायचं नाही, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले होते. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावर त्यांच्या अंगात आधी परतली ती चरबी, आणि स्नायू पूर्ण भरून येण्याआधीच ती मूळच्यापेक्षा वर गेली. हा १६०० कॅलरींचा आकडा आज कितीतरी डाएट चार्टांवर सर्रास दिसतो. क्रॅश डाएट संपल्यावर वजन तेवढंच पण अंग अधिक सैल का होतं, याचं उत्तर या प्रयोगात आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की चरबी कमी ठेवायची असेल तर आधी स्नायू राखायला शिका.

याची सुरुवात ओट्यापाशी होते. फोडणीची पळी बघा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, कारण तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ कॅलरी असतात. पिठाला आणि डाळीतल्या प्रथिनांना चारच. चौघांच्या भाजीत तीन पळ्या तेल पडतं ते एका पळीवर आणलं, तर पोळी न तोडताही खाण्यातून बरंच काही कमी होतं. मोहरी एका पळीतही तडतडते. आणि वाचलेली जागा प्रथिनांना द्या. किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं ही भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. व्यायाम करून चरबी उतरवणाऱ्याला क्रीडाआहारतज्ज्ञ त्याच्या दुपटीजवळ नेतात. (मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच.) पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच्या वर फारसं काही नसतं. मोड आलेल्या मटकीची दाट उसळ, पिठलं, दही, दोन अंडी, मासळी, सोयाबीनच्या वड्या, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात दिसायला हवं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि शेंगदाण्यात प्रथिनं असली तरी निम्मं वजन चरबीचं. एकादशी श्रद्धेने जरूर करा. चरबी उतरेल या आशेने करू नका.

मग व्यायाम. चालणं उत्तम, जेवणानंतरचं तर फारच. पण नुसत्या चालण्याने स्नायू वाढत नाहीत, त्यांना ओझं लागतं. आपल्या तालमींना हे ठाऊक होतं. जोर आणि बैठका म्हणजे स्वतःच्या देहाचं वजन उचलणंच, आणि औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी राजांनी घरोघरी पोचवायला घेतलेल्या सूर्यनमस्कारातही जोर दडलेला आहेच. माझ्या ओळखीतल्या एक काकू गुडघ्यांच्या भीतीने खाली बसत नव्हत्या. फिजिओथेरपिस्टने त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. पहिल्या दिवशी मांड्या थरथरल्या, तिसऱ्यांदा उठताना हात आपोआप हँडलकडे गेला. पुढे त्याच काकू दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या धरून उठू लागल्या. आठवड्यातून दोन-तीनदा असं काही, आणि ओझं हळूहळू वाढतं ठेवायचं. बायकांनी वजन उचललं तर त्या पुरुषी दिसतील ही भीती कृपा करून मनातून काढून टाका.

झोपेलाही यात वाटा आहे. शिकागो विद्यापीठाच्या २०१०च्या एका छोट्या अभ्यासात तेच लोक, तेवढंच मोजकं अन्न खाऊन, कधी साडेआठ तास तर कधी साडेपाच तास अंथरुणावर राहिले. वजन दोन्ही वेळा सारखंच घटलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा हिस्सा निम्म्याहून खाली आला.

जिममधल्या पोरांशीही बोलायला हवं. स्पर्धेच्या मंचावरचं पाच टक्के चरबीचं शरीर त्या एका दिवसासाठी कमावलेलं असतं, वर्षभर राखण्यासाठी नसतं. पुरुषाला जगायलाच तीन ते पाच टक्के चरबी लागते, बाईला दहा ते तेरा. त्याच्या जवळ जाऊन मुक्काम केला, तर हार्मोन घसरतात, हाडं ठिसूळ होतात, मुलींची पाळी थांबते. पाळी थांबणं ही फिटनेसची खूण मुळीच नाही, ते डॉक्टरकडे जाण्याचं कारण आहे. पुरुषाने पंधराच्या आसपास आणि बाईने बावीस-पंचवीसच्या आसपास वर्षानुवर्षं राहणं, हे मला कुठल्याही सिक्स पॅकपेक्षा मोठं वाटतं. घरच्या स्मार्ट काट्यावरची टक्केवारी पाणी प्यायल्यावरही हलते, तेव्हा तिच्यापायी रोज जीव टांगणीला लावू नका.

त्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट न आवळता मोजा. पुरुष ९० सेंटिमीटर, बाई ८०. त्यापुढे आकडा गेला असेल, तर वजन कितीही कमी असो, या आठवड्यात उपाशीपोटीची साखर तपासून घ्या. आणि घरातल्या त्या बारीक दिसणाऱ्या माणसाची कंबर आधी मोजा.