आधी माणसं निवडा, वेशभूषा नंतर

२ ऑक्टोबरला जालन्यात गांधी चमनजवळ पथनाट्य करायचं, शांततेसाठी झटलेल्यांच्या वेशात, असं आम्हा काही मित्रांचं चाललंय. पहिल्याच बैठकीत चर्चा दाढी-चष्म्यावर गेली. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे आधी गरज ठरते, मग कोड. इथेही तसंच करूया. आधी माणसं निवडा.

पहिले खान अब्दुल गफ्फार खान. १९२९ साली त्यांनी खुदाई खिदमतगार उभे केले. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून विटकरी रंगवले, तोच गणवेश झाला. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात इंग्रजांनी गोळ्या झाडल्या, तरी निःशस्त्र माणसं उभी राहिली. सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे, ते हेच.

दुसरे शोएबुल्ला खान. 'इमरोज'चे हे तरुण संपादक रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला, हातही तोडला गेला. जालना तेव्हा त्याच निजामी राज्यात होतं. दर १७ सप्टेंबरला हे नाव आपल्यापैकी किती जण घेतात?

'वातावरण बरं नाही, रस्त्यावर कशाला?' असं घरचे म्हणतील. भीती खोटी नाही. म्हणून पोलिसांची लेखी परवानगी घ्या, संवाद मराठीत ठेवा, इतर समाजाच्या मित्रांनाही भूमिका द्या. पण उतरा. शोएबुल्लांची ओळख आपण करून दिली नाही, तर लोकांना फक्त रझाकारच आठवतील.